विद्येचा राजमार्ग आणि आपल्या दारची वाट

आपल्या ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम आम्ही कपाटातील जुनी दप्तरे काढून बसलो. पहिल्या वर्षाच्या जमाखर्चात देणग्यांच्या रकान्यापेक्षा पुस्तकांचा रकाना मोठा आहे. कोणी बीजगणित दिले, कोणी रसायनशास्त्राचे दोन भाग दिले, तर कोणा वकिलांच्या विधवेने त्यांचा सारा कायद्याचा ग्रंथसंग्रह हातगाडीवर घालून पाठवून दिला. अशा पुस्तकांतून आपली पुस्तकपेढी उभी राहिली. पुस्तक नाही म्हणून इंदुरातील कोणाही होतकरू मुलाचे शिक्षण अडू नये, एवढीच संस्थापकांची इच्छा होती.

ती इच्छा आजही पूर्णपणे फळाला आली आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पदार्थविज्ञानाच्या एम. एस्सी.ची एक विद्यार्थिनी आपल्या वाचनालयात येत असे. तिचे महाविद्यालय खाजगी, बेताचे. तिला गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या यंत्रांतील आरशांविषयीचा एक शोधनिबंध हवा होता. तो संगणकावर दिसत होता. परंतु मथळा आणि सारांश एवढाच. पुढचे उघडावयाचे तर रुपयांत जी किंमत पडत होती ती तिच्या महिन्याच्या खानावळीच्या निम्म्याहून अधिक होती. पंधरा दिवस तिने तो नाद सोडून दिला होता. पुढे काय झाले ते लेखाच्या उत्तरार्धात सांगू. परंतु त्या दिवशी आमच्या मनात आले की, देशात विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी एक स्वतंत्र, अतिवेगवान जाळे उभारले गेले आहे, आपल्याच शहरातील मोठमोठ्या संस्थांच्या दारापर्यंत ते आले आहे, आणि त्याचे नावही आपल्या वाचनालयात कोणास ठाऊक नाही. म्हणून त्याची माहिती वाचकांपुढे ठेवावी, हा या लेखाचा हेतू.

जाळे मुळात कोणाचे?

इंटरनेट म्हटले की हल्ली भ्रमणध्वनी, खरेदी-विक्री आणि करमणूक एवढेच डोळ्यांपुढे येते. पण हे जाळे जन्माला आले ते विद्यापीठांच्या अंगणात. अमेरिकेत ऑक्टोबर 1969 मध्ये 'आर्पानेट' या जाळ्यावरून पहिला संदेश गेला, तो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे. ब्रिटनमध्ये 1984 साली विद्यापीठांना जोडणारे 'जॅनेट' सुरू झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने 1986 मध्ये आपले जाळे चालू केले, तेव्हा व्यापारी वाहतुकीस त्यावर मज्जाव होता; ते केवळ अध्ययन आणि संशोधन यांसाठी होते. ज्याला आपण 'वेब' म्हणतो ते सुद्धा जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुकण-संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये कल्पिले. शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे सहज वाचता यावीत, हा त्याचा उद्देश होता. 1993 मध्ये सर्नने ते कोणतेही मूल्य न घेता जगास देऊन टाकले. विद्येच्या क्षेत्रातील हे दान किती मोठे, याचा हिशेब कोणत्याही जमाखर्चात बसणार नाही.

आपल्या देशातही क्रम हाच आहे. सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. त्यापूर्वी नऊ वर्षे, 1986 मध्ये, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हे शिक्षण-संशोधनाचे जाळे हाती घेतले होते. आरंभी त्यात आठच भागीदार होते : दिल्लीतील तो विभाग स्वतः, मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आय. आय. टी. मुंबईच्या त्या संस्थेचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांचा या कामातील वाटा इतका मोलाचा की, 2014 साली जागतिक 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. 1992 मध्ये मुंबईहून अमेरिकेपर्यंत सेकंदास 64 किलोबिट वेगाची वाहिनी सुरू झाली, तेव्हा ती मोठीच मजल वाटली होती.

वेगाचा हिशेब

किलोबिट, गिगाबिट हे शब्द ऐकून सामान्य वाचक बिचकतो. आपण तो हिशेब आपल्याच वाचनालयाच्या भाषेत मांडू.

संगणकाची वर्णमाला दोनच अक्षरांची : शून्य आणि एक. या प्रत्येकास 'बिट' म्हणतात. आठ बिटांचा एक 'बाइट'. देवनागरीतील एक चिन्ह, मग ते व्यंजन असो की काना-मात्रा, आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट जागा घेते. एका पानावर दोन हजार चिन्हे धरली आणि पुस्तक अडीचशे पानांचे धरले, तर पाच लाख चिन्हे होतात. म्हणजे पंधरा लाख बाइट, अथवा एक कोटी वीस लाख बिट. आता हे पुस्तक तारेवरून धाडावयाचे आहे. अर्नेटच्या आरंभीच्या काळात सेकंदास 9,600 बिट वाहणाऱ्या तारा असत. त्यावरून या एका पुस्तकास सुमारे एकवीस मिनिटे लागतील. 64 किलोबिटच्या वाहिनीवरून तीन मिनिटांच्या आसपास. आणि आज ज्या वेगाने मोठ्या शिक्षणसंस्था जोडल्या जातात त्या 1 गिगाबिटच्या, म्हणजे सेकंदास शंभर कोटी बिटांच्या वाहिनीवरून? एका सेकंदात अशी ऐंशीहून अधिक पुस्तके. ज्या कपाटाभोवती आपली पुस्तकपेढी सुरू झाली, ते कपाट डोळ्याचे पाते लवण्याच्या अवधीत दिल्लीस पोहोचावे, असा हा प्रकार आहे.

हे साधते कशाने? केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या चमका धाडून. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तांब्याच्या तारेत विजेची लाट दुबळी होत जाते, शेजारच्या तारेच्या गडबडीचाही तिला उपद्रव होतो. काचतंतूस हा त्रास फारच थोडा. शिवाय एकाच तंतूतून निरनिराळ्या रंगांचे अनेक प्रकाश एकाच वेळी जाऊ शकतात आणि प्रत्येक रंग म्हणजे एक स्वतंत्र वाहिनी होते.

वेगळा रस्ता कशासाठी?

येथे चाणाक्ष वाचक विचारील की, बाजारात घरोघरी वेगवान जोडण्या मिळत असता विद्यापीठांसाठी निराळे जाळे कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

जाळ्यावरून माहिती जाते ती एकसंध नव्हे, तर लहान लहान पाकिटांत. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो आणि ते पोहोचल्याची पोच परत येते; अगदी आपल्या नोंदणी टपालाप्रमाणे. मार्गात 'राउटर' नावाची यंत्रे ही पाकिटे पुढच्या ठाण्याकडे वळवितात. गर्दी फार झाली की यंत्राची कोठी भरते आणि जास्तीची पाकिटे ते खुशाल टाकून देते. पोच आली नाही की पाठविणारा संगणक पाकीट पुन्हा धाडतो, आणि रस्ता तुंबला आहे असे समजून आपला वेग एकदम कमी करतो.

घरी बसून बातम्या वाचणाऱ्यास याचा त्रास जाणवत नाही. परंतु प्रचंड माहिती दूरवर धाडणाऱ्या संशोधकास तो फार बाधतो. दहा हजार किलोमीटरच्या मार्गावर पाकीट जाऊन पोच परत येईपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. तेवढ्यात 10 गिगाबिटच्या वाहिनीवर शंभर कोटी बिट वाटेत असतात, पोच न मिळालेले. अशा लांब पल्ल्यावर हजारांतील एखादे पाकीट जरी वरचेवर हरवू लागले, तरी संगणक पुनःपुन्हा वेग तोडतो आणि रुंद रस्ता असूनही गाडी बैलगाडीच्या चालीने चालते. बाजारातील जाळे पुष्कळ लोकांनी थोडे थोडे वापरावे, या हिशेबाने आखलेले असते. संशोधनाच्या जाळ्यावर माणसे थोडी असतात, परंतु एकेकाचे ओझे प्रचंड असते. म्हणून तेथे गर्दी होण्याच्या आधीच रुंदी वाढवून ठेवावी लागते. शिवाय अशा जाळ्यावर नव्या पद्धतींचे प्रयोग करता येतात. बाजारातील चालत्या जाळ्यावर ते कोण करू देईल? म्हणूनच ब्रिटनचे जॅनेट, युरोपचे 'जेआं', अमेरिकेचे 'इंटरनेट-टू' ही विद्येची जाळी आजही स्वतंत्रपणे चालविली जातात.

राष्ट्रीय ज्ञानजाल

2005 साली सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय ज्ञान आयोग नेमला गेला. देशातील सर्व विद्यापीठे, प्रयोगशाळा, ग्रंथालये, रुग्णालये आणि शेतकी संस्था एका अतिवेगवान जाळ्याने जोडाव्यात, अशी शिफारस त्याने केली. केंद्र सरकारचे त्या वेळचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार, अणुशास्त्रज्ञ डॉ. आर. चिदंबरम यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याच्या कामी पुढाकार घेतला. एप्रिल 2009 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती, जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. मार्च 2010 मध्ये मंत्रिमंडळाने दहा वर्षांसाठी 5,990 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. इंग्रजीत त्याचे नाव 'नॅशनल नॉलेज नेटवर्क'; आपण त्यास राष्ट्रीय ज्ञानजाल म्हणू. दीड हजार संस्था जोडण्याचे उद्दिष्ट होते, आणि तो आकडा पुढे ओलांडला गेला. बांधणीचे आणि देखरेखीचे काम राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे, म्हणजे 'एन. आय. सी.'कडे देण्यात आले.

या जाळ्याची रचना समजण्यास सोपी आहे. नदीचे पाट जसे मुख्य कालवा, उपकालवा आणि शेताची चारी असे असतात तसे येथे तीन थर आहेत. देशातील मोठ्या शहरांना जोडणारा गाभा. त्याच्या वाहिन्या मूळ योजनेत सेकंदास 2.5 ते 10 गिगाबिटच्या होत्या. त्याखाली इतर केंद्रांना वाटप करणारा थर. आणि शेवटी संस्थेच्या दारापर्यंत जाणारी वाहिनी. मोठ्या संस्थेस 1 गिगाबिटची, लहानीस 100 मेगाबिटची. गाभ्यातील एखादा तंतू खोदकामात तुटला, तरी वाहतूक दुसऱ्या बाजूने वळावी, अशी सोय केलेली असते.

इंदूरहून जिनिव्हा, इंदूरहून हिंगोली

एवढ्या मोठ्या वेगाची गरज कोणास पडते, याचे उत्तर शोधण्यास आपल्याला दूर जावयास नको. आपल्या शहराबाहेर सुखनिवासच्या बाजूस राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. त्याची कोनशिला 1984 मध्ये बसविली गेली. आपल्यापैकी पुष्कळांचे आप्त तेथे नोकरीस होते, अद्यापही आहेत; जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे 'कॅट' हेच नाव आहे. जिनिव्हाच्या सर्नमध्ये जमिनीखाली 27 किलोमीटर परिघाचे एक यंत्र आहे. त्यात अणूचे कण एकमेकांवर आदळवून पदार्थाचे अंतरंग तपासतात. त्या वर्तुळातील तीसहून अधिक टन वजनाचे चुंबक केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने जागेवर बसविण्यासाठी जी टेकणे लागली, ती सुमारे सात हजार टेकणे भारताने दिली आणि त्या कामाची धुरा इंदूरच्या या केंद्राने वाहिली.

हे यंत्र चालू झाले की त्यात सेकंदास कोट्यवधी टकरी होतात. त्यांतील निवडक नोंदी तेवढ्या ठेवल्या, तरी त्यांचा साठा एका देशाच्या संगणकांना पेलत नाही. म्हणून चाळीसहून अधिक देशांतील सुमारे 170 संगणक-केंद्रांनी मिळून तो भार वाटून घेतला आहे. त्यांपैकी दोन आपल्या देशात आहेत : मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्र. 4 जुलै 2012 रोजी 'हिग्ज' कणाचा शोध जाहीर झाला, त्यामागे या साऱ्या केंद्रांची मेहनत होती. वेगवान जाळे नसते तर भारतीय शास्त्रज्ञांना टेकणी पाठवून स्वस्थ बसावे लागले असते. यंत्रातून निघालेले ज्ञान त्यांच्या हाती आलेच नसते. माल देणारा आणि विचारात भागीदार असणारा, या दोहोंतील फरक या वाहिनीने मिटविला.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातील. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारावयास केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू असलेले हे यंत्र 2030 च्या सुमारास पूर्ण करण्याचे योजिले आहे. ते उभारणाऱ्या प्रमुख संस्थांत पुण्याची 'आयुका', गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि आपले इंदूरचे केंद्र आहे. म्हणजे यंत्र मराठवाड्यात, विचार करणारे पुण्यास, घडविणारे इंदुरास आणि गुजरातेत. हा संसार एका जाळ्यावाचून चालणार कसा?

शिवाय येथे वेळेलाही किंमत आहे. 17 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेतील दोन आणि इटलीतील एक अशा तीन यंत्रांनी दोन मृतप्राय ताऱ्यांच्या मीलनाची लहर टिपली. पाठोपाठ 1.7 सेकंदांनी अंतराळातील 'फर्मी' या दुर्बिणीस गॅमा किरणांचा झोत दिसला. तिन्ही यंत्रांच्या नोंदी एकत्र करून आकाशातील दिशा ठरविण्यात आली, जगभरच्या वेधशाळांना सूचना गेल्या आणि अकरा तासांच्या आत चिलीतील एका दुर्बिणीने तेरा कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत तो प्रकाशबिंदू शोधून काढला. नोंदी टपालाने गेल्या असत्या तर तो बिंदू विझून गेला असता. हिंगोलीचे यंत्र या मालिकेत उभे राहिले की दिशा अधिक नेमकी सांगता येईल. पण तिच्या नोंदी तत्काळ जगापुढे जाण्याची सोय असेल तरच.

दारापर्यंत आले, पुढे काय?

येथवरचे वर्णन वाचून वाचकांस अभिमान वाटला असेल, आम्हांसही वाटतो. पण आपल्या ट्रस्टने अभिमानावर थांबावयाचे ठरविले असते, तर पुस्तकपेढी निघालीच नसती.

राजमार्ग संस्थेच्या दारापर्यंत येतो. दाराच्या आतली वाट ज्याची त्याने बांधावयाची असते. या लेखाच्या निमित्ताने आम्ही काही महाविद्यालयांत चौकशी केली. एके ठिकाणी चांगली रुंद वाहिनी आलेली होती. परंतु ती कार्यालयात येऊन थांबली होती. ग्रंथालयातील संगणकांपर्यंत तार गेली नव्हती, कारण त्या खर्चाचे शीर्षक कोणते, हे दोन वर्षे ठरले नव्हते. गंगा अंगणात येऊन घागर पालथी राहावी, असा हा प्रकार. दोष एका माणसाचा नव्हे. वाहिनी मागणारे विद्यार्थी नव्हते आणि वाहिनी आहे हे विद्यार्थ्यांस सांगणारे कोणी नव्हते.

दुसरी उणीव हक्काची. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली आणि जानेवारी 2025 पासून ती सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे 13 हजार संशोधन-नियतकालिके 6,300 च्या वर सरकारी संस्थांतील सुमारे 1 कोटी 80 लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांना वाचावयास मिळावीत, म्हणून 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपये ठेवण्यात आले. ही योजना स्तुत्य आहे. परंतु ती सरकारी संस्थांसाठी आहे. आमची ती विद्यार्थिनी खाजगी महाविद्यालयात शिकत असल्याने तिला या पंक्तीत पान नव्हते. सरकारी महाविद्यालयात शिकणारी तिची मैत्रीण तेच निबंध विनामूल्य वाचणार आणि हिने मथळाच वाचावयाचा! जे धोरण ठरवितात त्यांच्यापर्यंत हे गाऱ्हाणे जावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

मग त्या मुलीचे काय झाले? आपल्या वाचनालयात संध्याकाळी येऊन बसणारे एक निवृत्त वैज्ञानिक आहेत. त्यांनी तिचा उतरलेला चेहरा पाहून कारण विचारले. कारण कळताच ते हसले आणि म्हणाले, "अगं, याची हस्तलिखित प्रत 'आर्काइव्ह'वर असणार!" आर्काइव्ह हे 1991 साली अमेरिकेत पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेले निबंधभांडार. पदार्थविज्ञानाचे संशोधक आपला निबंध छापण्यापूर्वीच तेथे ठेवतात आणि तो कोणासही फुकट वाचता येतो. पाच मिनिटांत निबंध तिच्यापुढे होता. ज्यासाठी तिने पंधरा दिवस आशा सोडली होती ते कोणीही न्यावे असे उघड्यावर पडले होते. तिला वाट दाखविणारा तेवढा भेटला नव्हता.

आम्हांस या प्रसंगातून जे उमगले ते असे : तार गावापर्यंत सरकार आणील, दारापर्यंत संस्था आणील, परंतु तारेच्या टोकाशी एक जाणते माणूस बसलेले नसेल, तर विद्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्वीही कपाटभर पुस्तकांपेक्षा 'तू हे वाच' म्हणणाऱ्या ग्रंथपालाची किंमत अधिक होती. आज कपाट अफाट झाले आहे, म्हणून त्या माणसाची किंमतही वाढली आहे.

आपण काय करावे

काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत, आणि त्यांस फार पैसा लागत नाही.

आपला मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयात असेल, तर 'एज्युरोम'चे खाते आहे काय, हे त्यांस विचारावयास सांगावे. 2002 च्या सुमारास हॉलंडातील विद्यापीठजाळ्यात ही कल्पना निघाली. भारतात ती अर्नेट चालविते. आपल्या संस्थेच्या एकाच नावाने आणि परवलीच्या शब्दाने विद्यार्थ्यास या योजनेतील दुसऱ्या कोणत्याही संस्थेत बिनतारी जोडणी मिळते. गावी गेलेली मुलगी तेथील विद्यापीठाच्या आवारात बसूनही आपला अभ्यास चालू ठेवू शकते. अट एवढीच की, दोन्ही संस्था योजनेत असाव्यात.

ज्यांस संस्थेचे दार नाही त्यांच्यासाठीही पुष्कळ भांडार उघडे आहे. खरगपूरच्या आय. आय. टी.ने सांभाळलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय, देशातील विद्यापीठांच्या प्रबंधांचा 'शोधगंगा' हा संग्रह, ज्यात मराठी भाषा-साहित्यावरील प्रबंधही आहेत, सात आय. आय. टी. आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 पासून सुरू केलेली 'एनपीटेल'ची व्याख्याने. आणि आपला मराठी विश्वकोश, ज्याचे खंड आता घरबसल्या वाचता येतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या आपणांस मराठी ग्रंथ मिळविणे नेहमीच कठीण गेले. आपल्यासाठी तर ही पर्वणीच आहे.

उलट बाजूही विसरू नये. जाळे घेण्यासाठी असते तसे देण्यासाठीही असते. आपल्या घराघरांत होळकरशाहीच्या काळची मोडी कागदपत्रे, जुन्या शाळांचे अहवाल, गणेशोत्सवाच्या पत्रिका वाळवीच्या तोंडी पडून आहेत. त्यांची छायाचित्रे काढून नीट नोंदींसह एखाद्या विद्यापीठाच्या संग्रहात घातली, तर पुण्यातील वा लंडनमधील अभ्यासकास इंदूरचा मराठी माणूस कसा जगला, हे आपल्याच कागदांतून वाचता येईल.

ट्रस्टच्या कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे आणि ती मंडळाने तत्त्वतः मान्य केली आहे. या अमृतमहोत्सवी वर्षापासून वाचनालयाच्या पूर्वेकडील खोलीत चार संगणक ठेवावेत आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात तेथे एक मार्गदर्शक बसावा. संगणकांसाठी दोन देणगीदार पुढे आले आहेत. मार्गदर्शकाची जागा मात्र पैशाने भरणारी नाही. तीस-चाळीस वर्षे प्रयोगशाळेत, महाविद्यालयात, बँकेत वा दवाखान्यात घालवून निवृत्त झालेली पुष्कळ मंडळी आपल्या समाजात आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तर सहा जणांत आठवडा भरतो. तीन नावे आली आहेत, त्यांत पहिले त्या हसणाऱ्या गृहस्थांचे आहे.

त्या मुलीने आपला प्रबंध पूर्ण केला आणि पुढील अभ्यासासाठी ती पुण्यास गेली. जाताना तिने पुस्तकपेढीला आपली दोन पुस्तके दिली; जमाखर्चाच्या वहीत पुस्तकांच्या रकान्यात त्यांची रीतसर नोंद झाली आहे. उरलेल्या तीन संध्याकाळींसाठी आम्ही वाचकांच्या नावांची वाट पाहत आहो.